लगद्याचे वाळवण

प्राथमिक शाळेतील मुलांसाठी उन्हाळी सुट्टीत जे छंदवर्ग भरतात, त्यांतील बहुतेक हस्तकला तासाभराच्या मापाने बेतलेली असते. कार्डपेपर आधीच कापलेला, डिंकाची बाटली शेजारी, चिकटवायच्या जागी पेन्सिलीची खूण, आणि तास संपताना प्रत्येकाच्या हातात एकसारखे फुलपाखरू. अशी कामे वर्ग चालवणाऱ्याला सोपी जातात, मुलाला मात्र त्यांत करण्यासारखे फार थोडे उरते. रद्दीच्या लगद्याची वाटी हे काम अगदी उलट वळणाचे आहे: साहित्य जवळजवळ फुकटचे, प्रत्येक कृती सात वर्षांच्या हाताला जमणारी, पण वाटी हाती यायला आठवडा लागतो आणि तो आठवडा उन्हाळ्यातलाच असावा लागतो, कारण हे काम हस्तकलेपेक्षा वाळवणाच्या जातीचे आहे. महाराष्ट्रातील जुन्या घरांतून रद्दी भिजवून, तीत मेथी कुटून, तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करण्याची रीत होती, आणि तिचा हंगाम पापड-कुरडयांचाच असे; एकाच गच्चीवर एका बाजूला सांडगे आणि दुसऱ्या बाजूला टोपल्या वाळत.

कामाची सुरुवात कागद फाडण्यापासून होते आणि या पायरीवर कात्री दूर ठेवणेच योग्य. वर्तमानपत्र स्तंभांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली फाडले तर बऱ्यापैकी सरळ पट्टी निघते आणि आडवे फाडले की तोच कागद वेडावाकडा जातो, हे मुलाला पाचव्या-सहाव्या पट्टीला आपोआप कळते. कारखान्यात पाण्यात कालवलेला लगदा धावत्या जाळीवर ओतला जातो, तेव्हा त्यातील तंतू बहुतांशी जाळीच्या धावेच्या दिशेने पडतात. कागदाला 'कल' असतो असे म्हणतात तो हाच. कात्रीने तंतू कापले जातात. फाडलेल्या कडेला मात्र ते लवेसारखे मोकळे राहतात आणि पाणी तेथूनच आत शिरते. साध्या वर्तमानपत्राचा कागद एका चौरस मीटरला सुमारे ४५ ग्रॅम भरतो, त्यामुळे तो लवकर भिजतो. गुळगुळीत मासिकांच्या कागदावर बारीक पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तो रात्रभर बादलीत राहूनही सकाळी पुष्कळदा अखंड सापडतो. पुरवणीतली चकचकीत पाने म्हणून आधीच बाजूला काढावीत.

वर्तमानपत्राचे दहा मोठे कागद, म्हणजे पूर्ण उघडून पसरलेले, तीन-चार मध्यम वाट्यांना पुरतात. ते रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि दुसऱ्या भांड्यात दोन मोठे चमचे मेथी भिजत घालायची. सकाळी बादलीतले पाणी शाईने राखाडी झालेले असते. ते ओतून कागद पिळून घेतला की कुटणे सुरू होते. मिक्सरने हे काम दोन मिनिटांत उरकते खरे, पण मिक्सर मोठ्या माणसानेच, थोडा लगदा आणि भरपूर पाणी घेऊन चालवावा लागतो आणि जास्त फिरवल्यास पात्याने तंतू तुटून आखूड होतात. खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटलेल्या लगद्यात तंतू तुटण्याऐवजी ठेचले जाऊन त्यांना बारीक लव फुटते, आणि ही लवच पुढे एकमेकांत गुंतते. हात भरून येईपर्यंत कुटण्यात मुलांना जो रस असतो तो मोठ्यांना सहसा उरलेला नसतो, म्हणून हे काम त्यांच्याकडे सोपवण्यात काहीच गैर नाही.

मेथीचे काम चिकटवण्याचे. तिच्या दाण्यात पाणी शोषून फुगणारा, बुळबुळीत असा डिंकासारखा पदार्थ भरपूर असतो. भिजलेली मेथी वाटताच तो सुटतो आणि तंतूंवर पातळ थर धरतो. घट्टपणा मात्र सगळा मेथीचा नसतो. कागदाचे तंतू ओले असताना त्यांच्यामध्ये पाणी असते, ते निघून जाताना तंतूंना एकमेकांजवळ ओढून आणते, आणि अगदी जवळ आलेले तंतू एकमेकांना थेट धरून बसतात. कागद मुळात कागद होतो तो याच धरण्यामुळे. मेथीऐवजी कणकेची शिजवलेली खळही चालते, परंतु खळीला कीड लवकर लागते. जुने पुस्तकबांधणी करणारे त्यावर उपाय म्हणून खळीत मोरचूद घालीत, आणि मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या लगद्यात त्याला जागा नाही. मेथीच्या कडूपणाला कीड कंटाळते, असा जुन्या बायकांचा भरवसा होता.

मेथी मिसळलेला लगदा किती पिळावा, यावर सगळे अवलंबून असते आणि ते मापाने सांगता येत नाही. मूठ आवळली असता बोटांमधून पाणी टपकू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा फुटूही नये. पुरणाचा गोळा उंड्यात भरण्याआधी ज्या बेताचा असतो, साधारण त्या बेताचा. सात-आठ वर्षांची मुले पाणी निघताना पाहण्याच्या आनंदात लगदा कोरडा होईपर्यंत पिळतात, मग थापताना तो भुरभुर सुटतो आणि पुन्हा पाणी शिंपडावे लागते. यात बिघडत काही नाही; हेच काम क्राफ्टच्या महागड्या मातीत केले असते तर बिघडले असते.

साचा म्हणून स्टीलची वाटी घ्यायची, आणि येथे एक निवड करावी लागते, जिच्याकडे कृती सांगणारे क्वचितच लक्ष वेधतात. वाटी पालथी घालून बाहेरून लगदा थापला, तर तो वाळताना आकसतो आणि साच्यालाच आवळून धरतो. काढताना वाटी निघत नाही, निघालीच तर काठाला तडा जातो. वाटी उताणी ठेवून आतून थापला, तर तोच आकसणारा लगदा साच्यापासून स्वतःहून सुटतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाटीत वाटी खुळखुळू लागते. हा आवाज ऐकण्यासाठी मुले तासातासाला गच्चीवर जातात. जुन्या टोपल्या पालथ्या भांड्यावरच होत, कारण आतली बाजू गुळगुळीत हवी असे. पण त्या करणाऱ्या बायका साच्यावर आधी ओले फडके घालीत आणि लगदा अर्धओला असतानाच तो सोडवून घेत. हा नेमका क्षण लहान मुलाला साधणे कठीण, म्हणून पहिली वाटी आतूनच थापावी. साच्याचे तोंड बुडापेक्षा रुंद असावे, हेही तितकेच खरे. गळा आवळलेल्या तांब्यात थापलेले काही बाहेर येत नाही. काश्मीरमधील पेपरमाशीचे कारागीर, ज्यांना असे आवळलेले आकार करावेच लागतात, ते साच्यावर वाळलेला लगदा बारीक करवतीने कापून दोन भागांत सोडवतात आणि मग सांधतात.

थापताना मुलांचा अंगठा काठाशी फार दाबतो आणि बुडाला लगद्याचा ढीग राहतो. जाडी सगळीकडे सुमारे अर्धा सेंटिमीटर हवी, कारण पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग ओलाच असतो, आणि दोहोंच्या ओढाताणीत तडा पडतो. उन्हाचेही तसेच. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ओली वाटी थेट ठेवली तर वरचा थर तासाभरात पापुद्र्यासारखा ताठरतो, म्हणून तेथे पहिला दिवस सावलीचा आणि पुढचे उन्हाचे. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे उलट चिंता असते, चौथ्या दिवसापर्यंत बूड ओले राहिले तर त्यावर बुरशीचे करडे ठिपके येतात, म्हणून तेथे लगदा पातळ थापून वाटी वारा लागेल अशी जाळीवर उलटसुलट करीत राहावे लागते. वाटी वाळली की नाही हे गालाला लावून कळते; आत ओल असेल तर ती गार लागते. पापडांची राखण करणाऱ्या मुलाकडेच ही जबाबदारी येते, आणि कावळ्यांना लगद्यात रस नसल्याने ती तुलनेने हलकी असते.

हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा मानला गेला, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात महागड्या माँटेसरी साधनांची जागा शिंपले, खडे आणि बिया यांनी घेतली. आज त्याच राज्यात सुट्टीच्या हस्तकलेसाठी खोक्यात बंद केलेले तयार संच विकत घेतले जातात, याला प्रगती म्हणणे अवघड आहे.

वाळलेली वाटी राखाडी आणि खडबडीत असते आणि अनेक मुलांना ती प्रथम आवडत नाही. आतून-बाहेरून पांढऱ्या कागदाचे तुकडे खळीने चिकटवून घेतले, की गेरू बसतो. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पातळ पाण्याने काडीने रेघा काढता येतात, वारली चित्रांत असतात तशा पांढऱ्या. वाटीत पाणी किंवा ओले काही ठेवता येत नाही, चिंचोके, गोट्या, खोडरबर यांना ती पुरते. ज्या वाट्या तडकल्या, त्या फेकायच्या नसतात: त्यांचे तुकडे पुन्हा बादलीत जातात, मेथी भिनलेली असल्याने या वेळी भिजायला दोन रात्री लागतात, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी आणखी एक वाळवण उरकून घेता येते.