हजार हॉर्सपॉवरची गाडी मागे का पडते?

‘ग्रॅन टुरिस्मो’ हा कार शर्यतीचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार जुनी आहे. आवडत्या रोड कारवर क्रेडिट्स उधळायचे, टर्बो बसवायचा, वजन घटवण्याचे पाचही टप्पे विकत घ्यायचे, हॉर्सपॉवर हजाराच्या पुढे न्यायची आणि मग सुझुकाच्या ट्रॅकवर ग्रुप ३ मधल्या, म्हणजे खऱ्या जगातल्या जीटी३ च्या धर्तीवरच्या एखाद्या रेस कारशी भिडायचं. त्या बिचारीची ताकद असते पाचशे-सहाशेची. सरळ पट्ट्यावर आपली गाडी तिला मागे टाकते, पहिल्या वळणानंतरच्या एस-वळणांत ती पुन्हा आपल्याला गाठते आणि लॅप संपेस्तोवर दिसेनाशी होते. निष्कर्ष ठरलेला: गेमने रेस कारला झुकतं माप दिलंय.

तसं काही नाही. गॅरेजच्या पडद्यावर हॉर्सपॉवरचा आकडा ठळक दिसतो आणि आपण त्याच्यावर नको तितका विश्वास टाकतो, एवढंच.

आधी सरळ पट्ट्याचंच बघू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या विरोधावर मात करायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे ६०० हॉर्सपॉवरच्या ८०० केल्या, ताकद एक तृतीयांशाने वाढवली, तरी कमाल वेगात पदरात पडते जेमतेम दहा टक्क्यांची वाढ. वळणात तर याहून वाईट. १३० मीटर त्रिज्येचं एक सपाट वळण घ्या. सुझुकाच्या प्रसिद्ध १३०आर वळणाची मूळ त्रिज्या हीच होती, २००३ मध्ये त्याची आखणी बदलली. टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर कोणतीही गाडी ते वळण ताशी १२९ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने घेऊ शकत नाही. पकड वजनाच्या दीडपट झाली तर १५७, दुप्पट झाली तर १८२. या गणितात हॉर्सपॉवर कुठेच येत नाही. हजारची असो की शंभरची, वळणात तिची मर्यादा टायर ठरवतो.

मग रेस कार ती जादा पकड आणते कुठून? पुढचा स्प्लिटर, गाडीच्या पोटाखालचा डिफ्युझर आणि मागचा पंख यांच्यातून. हवा गाडीला खाली दाबते आणि हा दाबही वेगाच्या वर्गाने वाढतो: १०० च्या वेगाला जेवढा, त्याच्या चौपट २०० ला. वजनाचं महत्त्वही इथेच कळतं. समजा, हवेचा दाब ५०० किलोंचा आहे. साडेबाराशे किलोंच्या गाडीची पकड त्याने ४० टक्क्यांनी वाढते, साडेसतराशे किलोंच्या गाडीची २९ टक्क्यांच्या आसपासच. शिवाय टायरवरचा भार जेवढा वाढतो तेवढ्याच प्रमाणात पकड वाढत नाही, थोडी मागे राहते. याचाही फटका जड गाडीलाच. म्हणून नुसता पंख लावला किंवा नुसतं वजन उतरवलं, तर अर्धंच काम होतं. दोन्ही एकत्र लागतात, आणि रेस कार पहिल्या दिवसापासून दोन्ही धरूनच बनवलेली असते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण गेमच्या गॅरेजमध्येच उभं आहे. १९९४ ची मॅक्लारेन एफ१ ही रस्त्यावरची गाडी. तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी ती शर्यतीसाठी आखलीच नव्हती. बीएमडब्ल्यूचं ६.१ लिटरचं व्ही-१२ इंजिन, ६२७ हॉर्सपॉवर, वजन ११३८ किलो. तिच्याच शेजारी १९९५ ची एफ१ जीटीआर, म्हणजे तिची रेस आवृत्ती. ट्यून केली म्हणजे ताकद वाढणारच, असं मानणाऱ्यांनी जीटीआरचा आकडा पाहावा: सहाशेच्या आसपास. शर्यतीच्या नियमांनी इंजिनाच्या श्वासनलिकेवर रिस्ट्रिक्टर बसवून हवाच कमी केली होती. वजन मात्र जवळपास ९० किलोंनी उतरलं आणि मागे पंख आला. रस्त्यावरच्या एफ१ ने १९९८ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या चाचणी ट्रॅकवर ताशी ३८६ किलोमीटर गाठले. जीटीआर तिथपर्यंत पोचली नसती. पंखाची किंमत सरळ पट्ट्यावर मोजावी लागते. पण १९९५ ची ले मान्सची चोवीस तासांची शर्यत, तीही बहुतांश पावसात, जिंकली ती या जीटीआरने. यानिक दालमास, जे. जे. लेहतो आणि मासानोरी सेकिया यांनी शर्यतीसाठीच बांधलेल्या प्रोटोटाइप गाड्यांना मागे टाकून एकंदर पहिला क्रमांक घेतला. गेममध्ये दोन्ही मॅक्लारेनना एकाच प्रकारचे रेसिंग टायर लावून एकाच ट्रॅकवर पळवून पाहा. ट्यूनिंगवरच्या वादाचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

‘एकाच प्रकारचे टायर’ ही अट मुद्दाम घातली. निम्मे गैरसमज टायरपाशीच जन्माला येतात. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्ये कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग असे तीन गट आहेत आणि प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट. स्पोर्ट्स टायरवरच्या रोड कारची रेसिंग स्लिकवरच्या रेस कारशी तुलना करणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. उलटही होतं: कुणी ट्यून केलेल्या गाडीला रेसिंग सॉफ्ट चढवतो, समोरच्या रेस कारला हार्ड, आणि ‘बघा, माझ्या गाडीने रेस कार मारली’ म्हणून मिरवतो. मारली ती टायरने.

दुसरा घट्ट बसलेला समज असा की, रेस कार म्हणजे त्याच नावाच्या रोड कारची जरा जास्त ट्यून केलेली आवृत्ती. निसानची जीटी-आर बघा. रस्त्यावरची निस्मो आवृत्ती ३.८ लिटरच्या ट्विन-टर्बो व्ही-६ इंजिनाची, ६०० हॉर्सपॉवरची, चारही चाकांना ताकद देणारी, सतराशे किलोंच्या वरची. तिची जीटी३ आवृत्ती इंजिनाचं घराणं तेच ठेवते, पण वजन तेराशेच्या आसपास आणते, ताकद कमी करते आणि चारचाकी ड्राइव्ह काढून फक्त मागची चाकं फिरवते. ज्या गुणासाठी लोक जीटी-आर घेतात, तोच रेस कारमध्ये नाही! जपानच्या सुपर जीटी मालिकेतली जीटी५०० गटात २०२१ पर्यंत धावलेली जीटी-आर तर आणखी दूरची. २०१४ पासूनच्या नियमांत तिथे चार सिलिंडरचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे आणि आत कार्बनचा सांगाडा. जीटी-आर म्हणायची ती बाहेरच्या आकारापुरती.

मात्र हेही सरसकट खरं नाही. त्याच घरातली आर३२ स्कायलाइन जीटी-आर ही ‘ग्रुप ए’ या खऱ्या शर्यतींच्या गटाच्या काळातली, आणि तिथे गाडी रस्त्यावर विकली जाणाऱ्या मॉडेलवरच आधारलेली असायला हवी होती. म्हणून निसानने आधी नियमपुस्तक वाचलं आणि मग गाडी बनवली. टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणली जायची, २.६ लिटरचं इंजिन त्या हिशेबात साडेचार लिटरच्या गटात नेमकं बसतं. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानी टूरिंग कार स्पर्धेच्या सगळ्याच्या सगळ्या २९ शर्यती या गाडीने जिंकल्या. इथे ‘ट्यून केलेली रोड कार’ आणि ‘रेस कार’ यांच्यातली भिंत खरोखरच पातळ होती. म्हणून गेममध्ये आर३२ घेऊन ती स्वतः वाढवत नेण्यात जी मजा आहे, ती मला तरी तयार ग्रुप ३ गाडीत मिळत नाही.

(आपल्याकडे हा खेळ पडद्यावरच खेळलेला बरा. उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.)

आता रेस कारच्या भक्तांकडे वळू. ‘रेस कार ती रेस कार, तिला रोड कार हरवूच शकत नाही’ हाही गैरसमजच. रेस कार नियमांनी जखडलेली असते: रिस्ट्रिक्टर, किमान वजन, शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका पातळीवर आणणारं ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजेच बीओपी. गॅरेजमधल्या तुमच्या गाडीवर असलं काहीच बंधन नाही. वाइड बॉडी, रुंद टायर, मोठा पंख, वर दुसऱ्याच गाडीचं इंजिन, असं सगळं जमवलेली हलकी गाडी एक पायरी खालच्या ग्रुप ४ ला सहज आणि ग्रुप ३ लाही अनेक ट्रॅकवर मागे टाकते. ‘स्पेशल स्टेज रूट एक्स’ सारख्या तीस किलोमीटरच्या जवळपास सरळच असलेल्या ट्रॅकवर तर पंखवाल्या गाडीचा निभावच लागत नाही.

पीपी (परफॉर्मन्स पॉइंट्स, म्हणजे गेम प्रत्येक गाडीला देतो तो क्षमतेचा आकडा) सारखे म्हणजे गाड्या सारख्या, हे गृहीतकही ट्रॅकगणिक निकाल बदलत असल्यानेच ढासळतं. सातव्या खेळात टायर बदलले तरी पीपी बदलतात, म्हणजे हिशेब बराच सखोल आहे. पण एक आकडा सगळ्या ट्रॅकना कसा लागू पडेल? गिअर आणि बॅलास्टची विचित्र सेटिंग्ज करून पीपी खाली पाडण्याच्या युक्त्याही खेळाडूंनी वेळोवेळी शोधल्याच.

रेस कार चालवायला अवघड असते, असं नवख्यांना वाटतं. खऱ्या जगात २००६ मध्ये जीटी३ गट उभा राहिला तोच हौशी ड्रायव्हरांना डोळ्यांपुढे ठेवून, आणि त्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्हींना मुभा आहे. फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोल बंद आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे जीटी३ किती समजूतदार आहे ते कळतं. पडद्यावरही तसंच. मागच्या चाकांवर हजार हॉर्सपॉवर ओतणारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त थ्रॉटल दिला की गर्रकन फिरते. ग्रुप ३ ची गाडी सहसा आधी इशारा देते.

राहिला खर्च. ग्रुप ३ ची गाडी ४,५०,००० क्रेडिट्सना तयार मिळते, ग्रुप ४ ची ३,५०,००० ना. रोड कार स्वस्तात घेऊन तिला तिथवर न्यायला सगळे पार्ट्स जोडत गेलात तर हिशेब बघता बघता तिथेच पोचतो, आणि वजन घटवणं, बॉडी कडक करणं ही कामं एकदा केली की सहज मागे घेता येत नाहीत. लांब शर्यतीत तर ट्यून केलेल्या गाडीचं पेट्रोलही जास्त जळतं. दोघींची खरी तुलना करायची तर टायर सारखे ठेवा, टायरची झीज आणि इंधनाचा वापर दोन्ही चालू ठेवा आणि एका लॅपवर न थांबता दहा लॅप पळवा. मग प्रत्येक सेक्टरची वेळ वेगळी पाहा. जड गाडीचे टायर आठव्या लॅपला काय करतात, ते पहिल्या लॅपच्या वेळेत दिसत नाही.