संशोधनाचे दार उघडे असावे

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर कशासाठी प्रसिद्ध आहे, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. उघड्या चौथऱ्यावरील शनिदेवाची शिळा आणि दाराला कडी-कुलूप नसलेली घरे या दोन गोष्टींनी या गावाचे नाव दूरवर नेले. २०११ साली युको बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा त्याची बातमी परदेशी वृत्तपत्रांतही झळकली. हे गाव ज्या नेवासे तालुक्यात येते, त्या नेवाशाचे नावही मराठी मनाला अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली, ही भावना वारकऱ्यांना आजही प्रवरेच्या काठी घेऊन येते. परंतु याच नेवाशाची एक तिसरी ओळख आहे. भारतातील अश्मयुगाच्या अभ्यासात या गावाचे नाव महत्त्वाचे मानले जाते. शिंगणापूरला दर्शनासाठी जाणाऱ्या लाखो भाविकांपैकी किती जणांना ही ओळख ठाऊक असेल?

श्रद्धेची कीर्ती माणसामाणसांतून पसरते. संशोधनाचे तसे होत नाही. ते कोणीतरी लिहावे लागते, योग्य ठिकाणी मांडावे लागते आणि पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. आपल्याकडे मात्र 'काम चांगले असले की नाव आपोआप होते' असे मानण्याची रीत आहे. स्वतःच्या कामाविषयी बोलणे म्हणजे आत्मस्तुती, अशी समजूत अनेक प्राध्यापकांच्या मनात घर करून असते. याच्या उलट टोकाला, काम पुरे होण्याआधीच वृत्तपत्रांत छायाचित्र छापून आणण्याची घाई दिसते. या दोन टोकांच्या मध्ये एक सरळ वाट आहे. ती पाहण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. शिंगणापूरच्याच तालुक्यात झालेल्या एका संशोधनाची कथा त्यासाठी पुरेशी आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. या उत्खननातून अश्मयुग, ताम्रपाषाणयुग आणि सातवाहन काळापासून थेट मुसलमानी व मराठा अमदानीपर्यंतच्या वस्तीचा पुरावा मिळाला. प्रवरेच्या गाळात, जुन्या हातकुऱ्हाडींच्या थराच्या वर, छिलक्यांपासून केलेल्या लहान हत्यारांचा वेगळा थर सापडला. हातकुऱ्हाडी वापरणारा माणूस आणि त्यानंतर फार उशिरा आलेला सूक्ष्म हत्यारे वापरणारा माणूस यांच्यामधला दुवा त्यातून हाती आला. पुढे देशातील इतर नद्यांच्या खोऱ्यांतही अशी हत्यारे ओळखली जाऊ लागली.

सांकलियांनी हा शोध कसा मांडला, हे पाहण्यासारखे आहे. १९५६ सालीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकात प्रवरेच्या खोऱ्यातील जीवाश्म आणि अश्मयुगीन हत्यारे यांवरील त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. सविस्तर अहवाल १९६० साली ग्रंथरूपाने आला. त्याआधी जवळच संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे आणि नाशिकला १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननाचा अहवालही १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. उत्खनन म्हणजे एका अर्थी पुराव्याचा नाश असतो. खणलेला थर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. त्यामुळे अहवाल वेळेवर आला नाही, तर त्या जागेविषयी इतरांना काहीच तपासता येत नाही. आधी एक छोटा, नेमका लेख आणि मग सर्व तपशिलांसह ग्रंथ, हा क्रम आजच्या कोणत्याही विषयाच्या संशोधकाने गिरवावा असा आहे.

नेवाशाच्या अहवालावर एकट्या सांकलियांचे नाव नाही. शां. भा. देव, झेड. डी. अन्सारी आणि मानवी अवशेषांच्या अभ्यासक सोफी एरहार्ट यांची नावे त्यांच्या बरोबरीने आहेत. नेवाशाला तांब्याच्या मण्यांसोबत टिकून राहिलेले धागेही मिळाले. ते वस्त्रतंतूंच्या तज्ज्ञाने तपासले, तेव्हा त्यांत रेशीम आणि कापूस असल्याचे दिसून आले. पुरातत्त्वज्ञाला एकट्याने हे कळले नसते. श्रेय वाटल्याने ते कमी होते, अशी भीती आपल्या विद्याक्षेत्रात अजूनही आढळते. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याच्याबरोबर काम केल्यास आपले नाव योग्य जागी लागेल असा भरवसा असतो, त्याच्याकडे सहकारी आपणहून येतात. संशोधकाच्या प्रतिष्ठेतला हा सर्वांत कमी बोलला जाणारा, पण सर्वांत टिकाऊ भाग आहे.

तिसरी गोष्ट नावाची. जोर्व्याला सापडलेली लाल रंगाची, काळ्या नक्षीची मृद्भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मिळाली आणि त्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हेच नाव रूढ झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील महाराष्ट्रातील शेतकऱ्यांविषयी लिहिताना जगातील अभ्यासकाला प्रवराकाठच्या या छोट्या गावाचे नाव घ्यावेच लागते. नाव टिकले, कारण त्यामागचे वर्णन स्पष्ट होते. हातात आलेले खापर जोर्वे पद्धतीचे आहे की नाही, हे दुसऱ्याला अहवाल उघडून ठरवता येत होते. नेवाशाच्या हत्यारांवरून 'नेवासियन' हे नावही सुचवले गेले होते. पण पुढे 'मध्य पुराश्मयुग' ही व्यापक संज्ञा प्रचलित झाली. नाव गेले, शोध मात्र राहिला. आपण दिलेले नाव मागे पडले तरी आपला पुरावा कामी येत राहतो, एवढे समाधान संशोधकाला पुरेसे वाटावे.

आता थोडे पुढे जाऊन प्रवरेच्याच काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादकडे पाहू. १९७४ साली तेथे एका शेतमजुराला जमीन खणताना धातूच्या चार मोठ्या मूर्ती सापडल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या मूर्तींचे एकूण वजन ६० किलोंहून अधिक भरते. त्या उत्तर हडप्पा काळातील असाव्यात, असे काही तज्ज्ञांनी मांडले. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून इतरांनी या कालनिर्णयावर शंका घेतली. मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननात न मिळाल्यामुळे या वादाला वाव राहिला. पुढे एस. ए. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९८६ साली प्रसिद्ध झाला. या वादाने कोणाची प्रतिष्ठा गेली नाही. दोन्ही बाजूंनी आपापला पुरावा मांडला, म्हणूनच तिसऱ्याला त्यावर विचार करता येतो. आपल्या निष्कर्षातील कच्चे दुवे स्वतःच सांगणारा संशोधक दुबळा दिसत नाही. त्याच्या पक्क्या विधानांवर लोक अधिक विश्वास ठेवतात.

स्वतः सांकलियांनीही वादाला तोंड दिले. रामायणातील लंका आजच्या श्रीलंकेत नसून मध्य भारतात असावी, असे त्यांचे मत होते आणि १९७३ साली त्यांनी रामायणावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यावर बरेच वादंग माजले. तरीही नेवासे किंवा जोर्वे यांच्या अहवालांचे मोल घटले नाही. याचे कारण उघड आहे. मत हे मत म्हणून आणि उत्खननाचा पुरावा हा पुरावा म्हणून वेगळा मांडलेला होता.

दायमाबादच्या मूर्ती प्रथम कोणाच्या हाती लागल्या, हे मात्र विसरता कामा नये. शेतात राबणाऱ्या माणसाची नजर ही पुरातत्त्वाची पहिली नजर असते. पांढरीच्या टेकाडातली माती शेतात टाकण्यासाठी उकरली जाते, टेकाडे सपाट होतात आणि त्यांच्यासोबत हजारो वर्षांचा पुरावा जातो. तो वाचवायचा, तर तेथील माणसाला त्याच्या भाषेत सांगावे लागेल. म्हणून मराठीत लिहिणे म्हणजे संशोधकाने फावल्या वेळात केलेले समाजकार्य नव्हे. तो संशोधनाचाच भाग आहे. सांकलिया गुजराती घरातले, त्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत. तरीही म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' हा मराठी ग्रंथ १९७६ साली दिला. विज्ञानाच्या क्षेत्रात डॉ. जयंत नारळीकरांनी हेच केले. फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताने १९६४ साली त्यांचे नाव शास्त्रज्ञांत झाले. त्यानंतर १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. नावाच्या वलयामुळे नव्हे, तर कथेच्या गुणावर पारितोषिक मिळावे, ही त्यामागची भावना होती.

आजच्या संशोधकाच्या हाती सांकलियांच्या काळात नसलेली साधने आहेत. त्यांपैकी पहिले साधन अगदी साध्या अडचणीवरचे आहे. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग ठरलेले नसते. कधी आद्याक्षरे, कधी पूर्ण नाव, विवाहानंतर बदललेले आडनाव, यांमुळे एकाच व्यक्तीचे लेख तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर विखुरतात. नेवाशाचेच पाहा. इंग्रजीत त्याची स्पेलिंगे किमान दोन आहेत. २०१२ पासून उपलब्ध असलेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळख क्रमांक विनामूल्य मिळतो. तो प्रत्येक लेखासोबत दिला की सर्व काम एकाच नावाखाली राहते. 'गुगल स्कॉलर'वर आपले पान तयार करून त्यातील चुकीच्या नोंदी काढून टाकणे, हे दुसरे काम. ते वर्षातून दोनदा केले तरी पुरते.

तिसरे साधन म्हणजे संग्रह. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जाऊ लागले. त्यामुळे पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहणारा प्रबंध आज घरबसल्या वाचता येतो. प्रकाशकाची अनुमती असेल तेथे लेखाची प्रत खुल्या संग्रहात ठेवावी. शक्य असेल तर मूळ नोंदी, मोजमापे आणि छायाचित्रेही ठेवावीत. शीर्षकात विषय, ठिकाण आणि काळ यांचा स्पष्ट उल्लेख असावा. 'काही विचार' अशा शीर्षकाचा लेख शोधूनही सापडत नाही. मराठी लेखाला चार ओळींचा इंग्रजी सारांश आणि इंग्रजी लेखाला मराठी सारांश जोडला, तर दोन्हीकडचे वाचक मिळतात.

याच वाटेवर खाचखळगेही आहेत. बढती आणि नेमणुकीसाठी लेखांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. आठवडाभरात लेख स्वीकारण्याचे आश्वासन, तज्ज्ञांच्या तपासणीचा अभाव आणि भारदस्त वाटणारे परदेशी नाव, ही त्यांची ओळख. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये 'केअर' यादी सुरू केली. २०२५ मध्ये ती बंद करून नियतकालिकांची पारख करण्याचे काम शिक्षणसंस्थांवर आणि पर्यायाने संशोधकांवरच सोपवण्यात आले. ग्रामीण महाविद्यालयातील तरुण प्राध्यापकाला येथे सर्वाधिक धोका असतो. मार्गदर्शन कमी, मुदत जवळ आलेली आणि पैसे भरले की प्रमाणपत्र हाती. पण अशा जागी छापलेला लेख नावावर कायमचा राहतो आणि पुढे चांगल्या लेखांकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

दुसरा खड्डा आकड्यांचा. आपल्या लेखांचे उल्लेख किती झाले, यावरून काढलेला 'एच-निर्देशांक' २००५ साली पुढे आला आणि लवकरच तो माणसाच्या मोलाचा पर्याय होऊन बसला. एकट्या आकड्यांवरून संशोधकाची पारख करू नये, असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ साली मांडला गेला. जगातील अनेक संस्थांनी तो मान्य केला आहे. मराठी इतिहास, लोकसाहित्य किंवा स्थानिक पुरातत्त्व यांवर लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर हे आकडे फारच अपुरे पडतात, कारण मराठीतील कितीतरी उल्लेख त्या मोजणीत येतच नाहीत.

वृत्तपत्रांशी बोलताना एक पथ्य पाळावे. आधी लेख तज्ज्ञांसमोर, मग बातमी वाचकांसमोर. 'जगातील सर्वांत प्राचीन' असे शब्द वापरण्याचा मोह टाळावा. काय सापडले, ते कशावरून ठरवले आणि काय अजून ठरायचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत लिहून बातमीदाराच्या हाती द्यावीत. त्याचेही काम सोपे होते आणि विपर्यासही टळतो.

शेवटी पुन्हा शिंगणापूरकडे येऊ. तेथील घरांना दारे नाहीत, ही श्रद्धेची गोष्ट आहे. तरीही २०१५ साली तेथे पोलीस ठाणे सुरू झाले, कारण विश्वास असला तरी तक्रार नोंदवायला आणि तपासायला जागा लागते. संशोधनाला या दोन्ही गोष्टी हव्यात. आपल्या कामाचे दार सर्वांसाठी उघडे हवे आणि आत येणाऱ्याला प्रत्येक वस्तू तपासून पाहण्याची मुभाही हवी. नेवाशाचा अहवाल प्रसिद्ध होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला. आजही एखादा विद्यार्थी तो उघडतो, थरांचे आराखडे पाहतो आणि सांकलियांशी सहमत व्हायचे की नाही, हे स्वतः ठरवतो. संशोधकाचे नाव टिकते ते अशा वाचकाच्या हाती.