आष्टीच्या पायवाटा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘शेतात राबणाऱ्या माणसाला फिरायला वेगळी वाट कशाला?’ जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात, आष्टीसारख्या गावात, फक्त चालण्यासाठी आणि सायकलसाठी एखादी वाट राखावी असा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. त्या प्रश्नात वीस-तीस वर्षांपूर्वीचं गाव दडलेलं आहे. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर मोटारसायकलने जातात आणि दुकानात, शाळेत, कचेरीत दिवसभर बसून काम करणारी माणसंही गावात पुष्कळ आहेत. मधुमेह हा शहरी रोग, हाही तसाच जुना समज. आयसीएमआरच्या 2023 मधल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या 2024 च्या लेखाप्रमाणे भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शरीराला आवश्यक तेवढी हालचाल होत नाही, आणि बायकांमध्ये हे प्रमाण 57 टक्के आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं झपाझप चालणं.

पण चालायचं कुठे? मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजारगावाबाहेर पहाटे पाचला उभं राहून पाहावं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं डांबरी रस्त्याच्या कडेने धावत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर वेळेत पूर्ण करायचे असतात. अंधार असतो, साइडपट्टी खचलेली असते आणि गळीत हंगामात मागून उसाच्या दुहेरी ट्रॉल्या येतात. ट्रॉलीला मागचा दिवा नसला तर ती अगदी जवळ येईपर्यंत कळतही नाही. बायका संध्याकाळी चालायला निघतात तेही याच रस्त्याने. ज्या वाटेवर मोटार येतच नाही तिथे ही भीती उरत नाही. माझ्या मते फिरण्याच्या वाटेची पहिली गरजवंत ही भरतीची मुलगी आहे.

‘त्यासाठी जमीन कोण देणार?’ हा खरा अडथळा वाटतो, पण बहुतेक गावांत नवी जमीन लागतच नाही. गाव नकाशावर पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, त्याची रुंदी 16.5 ते 21 फूट. वाटा कागदावर आहेत. जमिनीवर मात्र दर नांगरटीला वीतभर बांध सरकत गेला, कुणी काटे टाकले, कुणी तार ओढली. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे अशा वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. जमीन महसूल संहितेचं कलम 143 यापेक्षा वेगळं आहे. ते शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला बांधावरून नवा रस्ता देतं, फिरायला येणाऱ्यांना नाही. या दोन कलमांची गल्लत झाली की भांडण वाढतं.

‘गाडी बंद केली तर शेतकऱ्याने माल कसा आणायचा?’ गाडीमार्ग ट्रॅक्टर-बैलगाडीचाच राहील. कापूस, सोयाबीन, मोसंबी तिकडूनच येणार आणि यायलाही हवी. मोटारीविना ठेवायची ती फक्त पायवाट. गाडी बंद म्हणजे धंदा बंद, हेही खरं नाही. माथेरानला खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापलीकडे जात नाहीत, तरी गाव पर्यटनावरच उभं आहे. कास पठारावर आसपासच्या गावांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात आणि त्यातून गावच्याच लोकांना राखणदारीचं काम मिळतं. आष्टीत पर्यटक येणार नाहीत, हे मान्य. वाटेच्या तोंडाशी चहाची टपरी आणि सायकल दुरुस्ती चालली तरी पुष्कळ.

वाटेमुळे चोऱ्या वाढतील, ही भीती जगभर दिसते. अमेरिकेत सिएटलच्या बर्क-गिलमन वाटेची 1987 मध्ये पाहणी झाली, तेव्हा वाटेमुळे चोऱ्या वाढल्याचं आढळलं नाही. सिएटल आणि आष्टीत फरक आहेच, पण वर्दळीच्या वाटेवर पाळत आपोआप राहते हे गावकऱ्याला वेगळं सांगायला नको.

आणि पेव्हर ब्लॉकचा आग्रह? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेले ब्लॉक वर-खाली होतात. त्यापेक्षा मुरमाचा थर द्यावा, मधे थोडा उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता, कडेला पाण्यासाठी चर. चर बुजला की पहिल्याच पावसात वाटेचा चिखल होतो आणि चप्पल रुतते, म्हणून दर वर्षी मृगाआधी चर उपसायलाच हवा. कडेला लिंब, करंज लावावेत. काटेरी बाभूळ नको, सायकली पंक्चर होतात. तोंडाशी दगडी खांब रोवले की चारचाकी थांबते, मोटारसायकल मात्र त्यातूनही जाते. ती गावानेच थांबवायची.

सुरुवात परतूरच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढून करता येईल. तुटक रेषा शोधा, तलाठ्यासोबत त्यावरून चालून पाहा आणि येत्या ग्रामसभेत एकाच वाटेचा ठराव मांडा. वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट असेल तर आधी तीच घ्या, कारण तिच्यावर मुलं रोज चालतील.