श्वास मोजणारे मणी

दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास मिनिटाला ६० वा त्याहून अधिक वेळा चालला, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. पण ज्या सुईणीला दहाच्या पुढे अंक येत नाहीत, तिने तो मोजावा कसा? गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी ह्यासाठी एक साधे साधन योजिले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व ओळीने ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी सहावा मणी सरकला, तर उपचाराची घाई करावयाची.

पुढे १९९५ पासून डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविले. त्या घरोघर जाऊन नवजात बालकाचे वजन करीत, ताप पाहत, जंतुसंसर्ग दिसताच इंजेक्शन देत आणि सारे टिपून ठेवीत. डॉक्टर गावात येऊन त्या नोंदी पडताळीत. घरी जन्मलेल्या बालकांना कोणते आजार किती प्रमाणात होतात, हे शास्त्राला ह्याच नोंदींतून उमगले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

२०११ मध्ये भारत सरकारने ‘आशां’मार्फत ही गृहभेटींची पद्धत देशभर स्वीकारली, इंजेक्शनचे काम मात्र त्यांच्याकडे सोपविले नाही.