कोरडा नालाही कायद्याने नालाच

"डॉक्टर, विहिरीत टीसीएल टाकली आहे, आता पाण्याची काळजी नाही," असे अनसिंगच्या आसपासचे पेशंट मला नेहमी सांगतात. हे अर्धेच खरे आहे. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर जंतू मारते, तुरटी गाळ खाली बसवते, उकळल्यानेही जंतूच मरतात. पण एखाद्या धंद्याचे आम्ल, रंग किंवा धातूंचे क्षार विहिरीत उतरले, तर या तिन्ही उपायांनी ते निघत नाहीत. उकळून पाणी आटले की क्षार उलट दाटच होतात!

शिवाय सांडपाण्यातील घाण क्लोरीन खाऊन टाकते. स्वच्छ विहिरीला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. घाण पाण्यात ती कुठे गेली ते कळतही नाही. म्हणून तासाभराने ओटी टेस्ट करून बघावी. पिवळी छटा आली नाही, तर क्लोरीन उरलेले नाही.

आपल्याकडचे नाले बहुतेक महिने कोरडे. त्यामुळे तिकडे पाइप वळवताना कोणाला काही वाटत नाही. "तिथं पाणीच कुठं हाय?" पण काळ्या मातीखालच्या खडकाच्या भेगांतून झिरपते तेच पाणी विहिरीला येते.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याने हे बरोबर ओळखले आहे. त्यात 'प्रवाह' म्हणजे नुसती वाहती नदी नव्हे. त्या वेळी कोरडा पडलेला ओढा-नाला आणि जमिनीखालचे पाणीसुद्धा प्रवाहच. त्यात, विहिरीत किंवा जमिनीवर दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास कलम 24 ने मनाई आहे. (महाराष्ट्राने तर 1969 सालीच स्वतःचा कायदा केला होता आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले.) प्रक्रिया करून नाल्यात सोडायच्या पाण्यालाही मर्यादा आहेत. सर्वसाधारणपणे बीओडी, म्हणजे घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत हवे आणि आम्लता दाखवणारा सामू 5.5 ते 9 च्या दरम्यान. उरलेला क्लोरीनही 1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, कारण औषध म्हणून टाकलेले रसायन मासे मारते.

तेव्हा विहिरीच्या पाण्याला वास, तवंग किंवा वेगळी चव आली, तर आणखी पावडर ओतत बसू नका. ते पाणी पिणे थांबवा, ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पाण्याचा नमुना देताना जंतूंच्या तपासणीबरोबर रासायनिक तपासणीही हवी, असे स्पष्ट सांगा. दोन्हींच्या बाटल्या वेगळ्या असतात.