मचाणावरची वैशाख पौर्णिमा

मेळघाट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक वाघ आणि दुसरी कुपोषणाने गेलेली बालके. वर्तमानपत्रांनी गेली तीस-पस्तीस वर्षे आपल्याला हा प्रदेश एवढाच दाखवला. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांत, सातपुड्याचे जे डोंगर एकमेकांत गुंतले आहेत त्यांना गाविलगडचे डोंगर म्हणतात. घाटांचा मेळ तो मेळघाट. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत महाराष्ट्रातला हा एकटाच होता.

वाचक भगिनींनो, या जंगलात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते सामान्य माणसाला मचाणावर बसू देते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? त्यात धार्मिक असे काही नाही. वैशाखात ओढे-नाले आटतात. जे चार पाणवठे उरतात तिथे झाडून सगळी जनावरे येतात, आणि पौर्णिमेच्या उजेडात ती दिसतात. पूर्वी अशीच मोजदाद व्हायची. आता वाघांची गणना झाडांना कॅमेरे लावून करतात, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. त्यामुळे मचाणावरच्या नोंदीला पूर्वीचे वजन राहिलेले नाही. वनखाते आता तिला 'निसर्गानुभव' म्हणते. तरी कागद हातात देतातच, आणि दिसेल ते लिहायला सांगतात.

मी आणि माझी मैत्रीण, दोघीही निवृत्त. मी शाळेत होते, ती नर्स. तिची नोकरीची पहिली सहा वर्षे मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. पुढे बदली झाली ती झालीच, परत त्या डोंगरात तिने पाऊल टाकले नव्हते. यंदा तीच म्हणाली, "अगं, एकदा जाऊन येऊ. गुडघे आहेत तोवर." माझ्या भाच्याने मोबाईलवरून दोघींची नावे नोंदवली.

पहिली अडचण आली ती कपड्यांची. पौर्णिमेला आपण पांढरी साडी नेसून विहारात जातो. इथे नेमका पांढरा रंग चालत नाही. मातकट, मेंदी, खाकी असेच कपडे हवेत. अत्तर नको, डोक्याला वासाचे तेल नको. मोबाईल बंद. लसणाची चटणी मी डब्यात भरली होती, ती मैत्रिणीने काढून ठेवायला लावली. शेवटी दशम्या आणि गूळ घेतला. विहारातल्या वंदनेला त्या दिवशी आमच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. तिथून घाट सुरू होतो. चिखलदऱ्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकांनी पाहिले आहे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, हवा बरी आहे, कॉफीची झाडे आहेत. जवळच गाविलगडचा किल्ला. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने तो इंग्रजांसाठी जिंकला. भीमकुंड दाखवणाऱ्या पोराला मैत्रिणीने मुद्दाम विचारले, "कोणता भीम रे?" तो बिचारा कीचकवधाची गोष्ट सांगू लागला.

खरे जंगल सेमाडोहच्या वाटेला लागते. साग, ऐन, धावडा, तिवस, सालई. वैशाखात सागाला पान नसते, त्यामुळे डोंगराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या उघड्या दिसतात. खाली सिपना नदी कुठे कुठे डोहापुरती उरलेली. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या इथल्या पाचही नद्यांचे पाणी शेवटी तापीला जाते. कोलकासला विश्रामगृहासमोर सिपना जिथे वळण घेते, तिथे आम्ही तासभर बसलो. पाणी गुडघाभर असेल नसेल. पण काठावरची झाडे तेवढी हिरवी होती आणि वानरांची अख्खी टोळी त्या सावलीत येऊन बसली होती.

या जंगलात रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८८४ नंतर ते कोणाच्या हाती लागले नाही, म्हणून नामशेष झाले असे समजत होते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, नंदुरबारकडे शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले. मग शोध घेतला तर मेळघाटातही निघाले. इथल्या कोरकूंना ते 'हरवलेले' होते की नाही, हे कोणी विचारले असेल का, असे मला वाटून गेले.

कोरकू म्हणजे माणसे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, झारखंडातल्या संथाळी आणि मुंडारीची बहीण. एवढ्या पश्चिमेला त्या कुळातली दुसरी भाषा नाही. मैत्रिणीला ती अजून येते. सेमाडोहच्या चहाच्या टपरीवर ती दोन वाक्ये बोलली मात्र, चहावालीने साखर दुप्पट घातली.

दुपारी तीनला वनखात्याच्या जीपने आम्हाला मचाणापाशी सोडले. सोबतीला पंचविशीतला एक वनमजूर पोरगा, कोरकूच. गाडीतून उतरल्यावर मैत्रीण इकडे तिकडे पाहत राहिली. समोर मोठे गवताळ माळरान, मध्ये एक बुजत चाललेली विहीर, कडेला रांगेत पाच-सहा आंब्याची झाडे. जंगलात अशी रांगेत आंब्याची झाडे येत नाहीत. तिने पोराला गावाचे नाव विचारले. त्याने सांगितले. ती मटकन खाली बसली.

त्याच गावात ती तेव्हा पायी येत असे. १९९३ च्या सुमारास मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या दिवसांत तिच्या केंद्राची जीप बहुतेक वेळा बंद असायची. पावसाळ्यात नाला भरला की आठ-आठ दिवस गावात जाता यायचे नाही. ताणकाटा खांद्याला अडकवून ती घरोघरी पोरांची वजने करायची. या गावात, त्या तिसऱ्या आंब्याच्या समोरच्या घरात, एक मुलगी तिच्या मांडीवर गेली. अकरा महिन्यांची. वजन तिने मला सांगितले, ते मी इथे लिहीत नाही. "तेव्हा आम्ही पोरं मोजायचो," ती म्हणाली, "आता जनावरं मोजायला आले."

गाव उठून आता दहा-बारा वर्षे झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली अनेक गावे अशी उठली. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये मिळत, २०२१ मध्ये ते १५ लाख केले. पोराचे कुटुंबही यातलेच. त्याला विचारले, तिकडे बरे आहे का? तो म्हणाला, रस्ता आहे, वीज आहे, बहीण बारावी झाली. पण सरपण विकत, मोहफुले नाहीत, कुटकी पेरायला जमीन नाही, आणि वडिलांचे पैसे कसे संपले ते वडिलांनाच कळले नाही. सगळीकडे एवढेही बरे झाले नाही. अकोट तालुक्यात पुनर्वसन झालेले काही गावकरी सोयी नाहीत म्हणून जंगलात परतले होते, आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांची व वनकर्मचाऱ्यांची मोठी चकमक झाली.

आपल्या आजोबा-पणजोबांनी बाबासाहेबांचे ऐकून गावे सोडली. गावकुसाबाहेरचे जिणे सोडले, ते बरेच झाले. म्हणून गाव सुटल्याचे मला एरवी फार वाईट वाटत नाही. पण ते सोडणे आपल्या मनाचे होते. इथे विहिरीच्या पलीकडे झुडपांत कोरकूंचे मुंडे उभे होते. मेलेल्या माणसाच्या नावाने लाकडाची कोरलेली फळी पुरतात, तिच्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार असतो, तिला मुंडा म्हणतात. गाव ट्रकमध्ये भरून नेता आले, हे मागे राहिले. पोराचा आजा त्यांतच होता. दोन मुंड्यांना वाळवी लागली होती.

याची दुसरी बाजूही आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक हक्क मिळाला. उजाड रान त्यांनी राखले, आणि त्यांची सीताफळे मुंबईपर्यंत जातात. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले, त्यांना २०१९ ला पद्मश्री मिळाली. माणूस राहिला की जंगल मरतेच, असे मानणाऱ्यांनी पायविहीरला जाऊन यावे. आणि जंगलात राहिले की माणूस सुखी असतो असे मानणाऱ्यांनी माझ्या मैत्रिणीशी बोलावे.

सात वाजता चंद्र वर आला आणि बोलणे बंद झाले. त्रिशरण-पंचशील आम्ही मनातल्या मनात घेतले. आधी सांबरे आली, माद्या पुढे, कान टवकारून. मग रानगवे आले. एवढे धिप्पाड जनावर, पण पाण्याला तोंड लावताना आवाज नाही. रातव्याचे टक-टक रात्रभर चालू होते. मध्यरात्रीनंतर अस्वल आले, पोटभर पाणी प्याले आणि विहिरीच्या काठाला पाठ घासत बसले. एकदा डोंगराच्या बाजूने सांबराने इशारा दिला, तशी पोराने आमच्या दंडाला हात लावला. आम्ही श्वास रोखून बसलो. काही आले नाही. मैत्रीण पाणवठ्यापेक्षा आंब्याच्या झाडांकडेच जास्त पाहत होती.

पहाटे कागद भरला. सांबर ९, रानगवा ५, भेकर २, अस्वल १, वाघाच्या रकान्यात शून्य.

जीप यायला वेळ होता. पोराने बोलता बोलता सांगितले की बायकोला सातवा महिना आहे. मैत्रीण ताडकन उठली. वजन किती? रक्त तपासले का? लोहाच्या गोळ्या खाते की फेकते? त्याला यातले निम्मे माहीत नव्हते. तिने पर्समधली पेन काढली, दशम्यांच्या कागदावर तपासणीचे दिवस, गोळ्या आणि आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला, आणि तो कागद त्याच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. जीपचा आवाज आला तेव्हा तो तिसऱ्यांदा वाचत होता.