चेहऱ्यातली वीज आणि शस्त्रक्रियेचा हिशेब

आषाढातला झोंबरा वारा आम्हा बेळगावकरांना नवा नाही. खिडकी उघडावी, तो तोंडावर यावा आणि पदर किंवा मफलर सावरून आपण कामाला लागावे, हा नित्याचाच क्रम. परंतु आमच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, त्या वाऱ्याची एक झुळूकही भारी पडे. उजव्या गालातून वीज चमकून जावी तशी कळ उठे आणि हातातले काम तसेच टाकून ती जागच्या जागी थिजून जाई. अर्ध्या मिनिटात सारे शांत होई; उरे ती पुढच्या कळेची धास्ती. तोंड धुणे, दात घासणे, भाकरीचा घास चावणे, फार काय, नातवाशी दोन शब्द बोलणे, या साऱ्यांचेच तिला भय वाटू लागले. ज्या आक्काने आम्हांला कडेवर खेळवले, ती महिनेच्या महिने पेजेवर दिवस काढताना आम्ही पाहिली आहे.

हे दुखणे २००३ साली, तिच्या पन्नाशीत सुरू झाले. दाताचेच असावे अशा समजुतीने पहिल्याच वर्षी तिच्या दोन दाढा काढण्यात आल्या. दाढा गेल्या, दुखणे राहिले. पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि नाव सांगितले : ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया.

चेहऱ्याची हालचाल करणारा मज्जातंतू वेगळा आणि चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा वेगळा. हा दुसरा म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवा. कपाळ, गाल आणि जबडा अशा तीन शाखा असल्याने त्याला हे त्रिशाखी नाव मिळाले. त्याचे दुखणे बहुधा एकाच बाजूला, पन्नाशीनंतर आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. फ्रान्समधील निकोला आंद्रे या शल्यवैद्याने १७५६ साली त्याचे वर्णन केले. परंतु कारण कळायला पुढची पावणेदोनशे वर्षे लागली. १९३४ साली अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी नोंदवले की, हा तंतू मेंदूच्या देठाला जेथे मिळतो तेथे पुष्कळदा एखादी रक्तवाहिनी त्याच्यावर टेकलेली असते. तिच्या सततच्या ठोक्यांनी तंतूवरचे वेष्टन झिजते. विजेच्या तारेवरचे रबर झिजल्यावर ठिणगी उडावी, तसाच हा प्रकार समजावा.

पहिला उपाय अर्थातच औषधाचा. १९६२ सालापासून कार्बामाझेपीन या आकडीवरील औषधाचा गुण या दुखण्यात दिसून आला आणि आजही सुरुवात त्यानेच होते. आक्कालाही त्याने आराम पडला; पण वर्षांगणिक मात्रा वाढत गेली. चालताना झोक जाई, दिवसा झापड येई, रक्तातील मीठ उतरे. अखेर २०१२ साली शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि घरात दोन तट पडले. मेंदूच्या इतक्या जवळ सुरी लावायची, आणि इतके करून गुण किती दिवस टिकणार? हा प्रश्न आमच्या भाच्याने विचारला, आणि तो रास्तच होता.

या प्रश्नाला आज बऱ्यापैकी उत्तर देता येते. पीटर जॅनेटा या अमेरिकन शल्यविशारदाने १९६० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने एक शस्त्रक्रिया रूढ केली. कानामागे कवटीला लहानसे छिद्र पाडून ती रक्तवाहिनी अलगद दूर करायची आणि तिच्या व तंतूच्या मध्ये टेफ्लॉनची बारीक गादी ठेवायची. तंतू कापायचा नाही, जाळायचा नाही. पिट्सबर्ग येथे १९७२ ते १९९१ या काळात अशा रीतीने शस्त्रक्रिया झालेल्या ११८५ रुग्णांचा वृत्तान्त १९९६ साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतर त्यांपैकी ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. आणखी ४ टक्क्यांना क्वचित कळ येई, पण कायमचे औषध लागत नसे. दुखणे उलटले ते बहुतेकांचे पहिल्या दोन वर्षांतच. दहा वर्षे सुखाने गेलेल्यांत पुढे ते उलटण्याचे प्रमाण वर्षाला एक टक्क्याहूनही कमी होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या रुग्णांपैकी दोघे दगावले आणि सुमारे एक टक्का रुग्णांचे त्या बाजूच्या कानाचे ऐकणे गेले. ज्यांनी आठ वर्षांहून अधिक काळ दुखणे सोसले होते, ज्यांच्या तंतूवर रोहिणीऐवजी नीलेचा दाब होता आणि ज्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच आराम पडला नाही, त्यांच्यात दुखणे उलटण्याचा संभव अधिक दिसला. स्त्रियांतही तो अधिक होता.

वयाने थकलेल्यांना किंवा मोठी भूल न सोसणाऱ्यांना दुसरे मार्ग आहेत. गालातून सुई घालून तंतूचा काही भाग उष्णतेने निकामी करता येतो. तुर्कस्तानातील अंकारा येथे १६०० रुग्णांवर केलेल्या या उपचाराची पंचवीस वर्षांची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली. एकदाच उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के पाच वर्षांनी वेदनामुक्त होते. पुन्हा दुखल्यास तो पुन्हा करता येतो. मात्र गालाला बधिरता येते. गामा किरणांचा उपायही आहे, पण त्याचा गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

आक्काने धीर केला. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा काय केले, तर भीत भीत स्वतःच्या गालावरून बोट फिरवले. कळ आली नाही. त्या कानाला थोडे कमी ऐकू येऊ लागले, तेवढी किंमत मात्र तिने मोजली.

पुढची अकरा वर्षे गोळीविना गेली. मग २०२३ च्या श्रावणात एका सकाळी चूळ भरताना ती जुनी ओळखीची वीज पुन्हा चमकली. घरात सगळ्यांचेच तोंड उतरले. ‘एवढे करून शेवटी फुकटच गेले,’ असे आमच्याच तोंडून निघून गेले. आक्का म्हणाली, ‘फुकट कसं रे? अकरा वर्षं भाकरी खाल्ली मी. तीन नातवंडांची लग्नं बोलून-हसून केली. ती काय फुकट?’ आज पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी मात्रेत तिचे भागते.

शाळेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे दोनच रकाने भरण्याची आम्हांला सवय. आक्काच्या दुखण्याला ते दोन रकाने पुरले नाहीत. वाचकांच्या घरी कोणाला अशी कळ येत असेल, तर दाढ काढण्याची घाई करू नये. मज्जातंतूंच्या तज्ज्ञास दाखवून एमआरआय तपासणीविषयी विचारावे. गोळ्या मनाने थांबवू नयेत, मात्र अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालाच, तर ‘बरे वाटेल का’ एवढेच न विचारता, ‘किती वर्षे, आणि कशाच्या मोबदल्यात’ हेही विचारावे. आम्ही ते नऊ वर्षे उशिरा विचारले.